हशा कुणाच्या नावावर?

१९९३ साली आलेल्या ‘बाज़ीगर’ने शाहरुख खानला कुठल्या कुठे नेऊन ठेवलं, हे जगजाहीर आहे. पण त्या सिनेमाचा विषय निघाला की बोलणं हमखास विसरभोळ्या बाबूलालवर घसरतं. हा बाबूलाल कागदावर जवळजवळ नव्हताच. आपल्या भूमिकेसाठी लिहिलेलं असं फारसं काही नव्हतं, सेटवर उभं राहून आपणच ती रचत गेलो, असं जॉनी लिव्हरने मुलाखतींतून सांगितलेलं आहे. श्रेयनामावलीत मात्र तो फक्त नट आहे. संवादलेखक म्हणून जावेद सिद्दीकी यांचं नाव येतं आणि ते यायलाच हवं. माझं भांडण त्यांच्याशी नाही आणि दिग्दर्शकांशीही नाही, उलट त्यांनी जॉनीला मोकळं सोडलं. भांडण आहे ते त्या रिवाजाशी. रंगमंचावरून आलेल्या विनोदवीराकडून आपला सिनेमा लेखन करून घेतो आणि नाव नि पैसा देतो तो फक्त अभिनयाचा.

आता, नटाने सेटवर एखादं वाक्य फिरवलं, मधे एखादा उसासा टाकला, तर ते अभिनयातच धरायचं. त्याचं वेगळं बिल कुणी लावू नये. पण स्टँडअप करणारा माणूस वेगळ्याच कारखान्यातून आलेला असतो. तिथे तो एकटा उभा असतो आणि जे बोलतो ते त्याचं स्वतःचं असतं. ते कागदावर नसतं, म्हणून ते लेखनच नाही अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात एक आयटम बांधायला महिनोन्महिने जातात. एकच वाक्य वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या पब्लिकपुढे म्हणून बघायचं. कुठे हशा येतो आणि कुठे नुसती खसखस पिकते, ते ध्यानात ठेवायचं. मग शब्द पुढेमागे करायचे, एखादा गाळायचा, ज्या शब्दावर स्फोट व्हायला हवा तो ओढून वाक्याच्या अगदी टोकाला आणायचा. त्यानंतर किती थांबायचं, हेही ठरवावं लागतं, कारण हसू ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकलं तर दोन्ही वाया जातात. कादंबरीकार पाच खर्डे फाडतो तेव्हा आपण आदराने मान डोलावतो. याचेही खर्डेच असतात, फक्त ते लोकांसमोर फाटतात.

जॉनीचे खर्डे कुठे कुठे फाटले, ते पाहण्यासारखं आहे. १९५७ साली आंध्रातल्या कनिगिरीत एका तेलुगू ख्रिस्ती कुटुंबात त्याचा जन्म झाला. नाव जॉन प्रकाश राव जनुमाला. वाढला मात्र धारावीत. घरची ओढाताण इतकी, की शाळा सातवीत सुटली. मुंबईच्या रस्त्यांवर तो पेन विकायचा, आणि गिऱ्हाईक थांबावं म्हणून सिनेनटांच्या नकला करत, त्यांच्या गाण्यांवर नाचत विकायचा. स्टँडअपची याहून कठोर परीक्षा कुठल्या क्लबात होत असेल असं मला वाटत नाही. तिकीट काढून आलेला प्रेक्षक निदान खुर्चीत बसलेला असतो. रस्त्यावरचा माणूस चालत असतो, त्याला घाई असते, आणि त्याला हसवून भागत नाही, त्याच्या खिशातून पैसेही काढायचे असतात.

पुढे तो हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात मजूर म्हणून लागला. वडील तिथेच ऑपरेटर होते. कंपनीच्या एका समारंभात त्याने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नकला केल्या, कामगारांनी हसून हसून मंडप डोक्यावर घेतला आणि तिथेच त्याच्या नावाला ‘लिव्हर’ चिकटलं. ही गोष्ट आपण गमतीदार किस्सा म्हणून सांगतो आणि पुढे जातो. मला ती त्याच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली वाटते. रोज मान खाली घालून काम करणारा एक मजूर सगळ्या कारखान्यादेखत साहेबाचं चालणं-बोलणं अंगावर घेतो आणि साहेबाला ते समोर बसून हसत पाहावं लागतं. तमाशातल्या सोंगाड्याने राजाच्या तोंडावर जे करायचं, तेच हे. हसण्याचा रोख खालून वर होता.

१९८१ साली त्याने नोकरी सोडली. त्याआधीपासूनच ऑर्केस्ट्रांमधून त्याचे कार्यक्रम चालू होते. दोन गाण्यांच्या मधे वादक घाम पुसत असताना, गायिका पाणी पीत असताना, मिमिक्रीवाल्याने पाच-दहा मिनिटं भरून काढायची, अशी त्या धंद्याची रीत. कल्याणजी-आनंदजींच्या ताफ्यात तो शिरला, त्यांच्याबरोबर देश-परदेश फिरला, अमिताभ बच्चनच्या दौऱ्यातही गेला. सुनील दत्तने त्याला १९८२च्या ‘दर्द का रिश्ता’मध्ये घेतलं. ‘हँसी के हंगामे’ नावाच्या ध्वनिफितीने त्याचा आवाज घराघरांत पोहोचला. मग ‘होप ८६’ या कार्यक्रमात सगळी चित्रपटसृष्टी समोर बसलेली असताना त्याला पुन्हा एकदा मधली जागा भरायला उभं केलं. ती जागा त्याने अशी भरली, की निर्माते गुल आनंद यांनी त्याला ‘जलवा’साठी उचललं. हा सिनेमा आला १९८७ साली. तोवर लोकांपुढे एकट्याने उभं राहण्याचा दहा वर्षांच्या आसपासचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. सिनेमाला हा माणूस घडवावा लागला नाही. तो तयार होऊन आला, आणि सोबत स्वतःचा दारूगोळाही घेऊन आला.

सिनेमाने तो दारूगोळा वापरला, फक्त तोफेचं तोंड फिरवलं. नव्वदच्या दशकातल्या हिंदी सिनेमात विनोदवीराला ज्या भूमिका मिळाल्या त्या आठवून पाहा. नोकर, ड्रायव्हर, भुरटा चोर, हॉटेलातला वेटर, हिंदी धड बोलता न येणारा दक्षिणेतला कुणीतरी. नायकाने त्याच्या टपलीत मारायची, नायिकेने त्याला झिडकारायचं, आणि कुणाला काही सुचलं नाही की त्याच्या रंगावर, अंगकाठीवर, बोलीवर घसरायचं. कारखान्यात जो साहेबाला हसवत साहेबाचं हसं करत होता, त्याच्याच गरिबीवर आता तिकीट काढलेले लोक हसू लागले. तेलुगू घरातल्या, धारावीतल्या मुलाकडून ‘मद्रासी’ उच्चारांचा विनोद करून घ्यायचा, यातली क्रूरता त्या काळात कुणाच्या ध्यानातही आली नसावी.

पण जिथे त्याचं त्याने रचलं, तिथे काय झालं ते बघा. बाबूलाल नोकरच आहे. पण घरी आलेल्या शेठचा जीव मेटाकुटीला आणणारा नोकर आहे. स्वतः वेंधळा राहून तो पाहुण्याच्या ऐटीची पार रया घालवतो. हा पुन्हा खालून वर जाणारा विनोद आहे, आणि तो तसा आहे याचं कारण तो ज्याने रचला त्याला खाली उभं राहून वर कसं दिसतं हे माहीत होतं. मी श्रेयनामावलीचा हट्ट धरतो तो केवळ पैशासाठी नाही. विनोद कोण लिहितो, यावर तो कुणाला लागतो हे ठरतं.

हे सगळं त्या काळात कसं चालायचं, तेही समजून घ्यायला हवं. विनोदी कथानक मूळ कथेला समांतर चालायचं, त्याला धंद्यात ‘कॉमेडी ट्रॅक’ म्हणत. तमिळ सिनेमात अशा ट्रॅकसाठी स्वतंत्र लेखक असायचे. गौंडमणी-सेंथिल या जोडीचे गाजलेले प्रसंग ए. वीरप्पन लिहायचे, आणि जाणकार तमिळ प्रेक्षकाला ते नाव ठाऊक असतं. हिंदीत हा खर्च वाचवला गेला. पटकथेत त्या जागी दोन ओळी असायच्या, उरलेलं विनोदवीराने आणायचं. सिनेमे तेव्हा बहुतेक डब होत. सेटवर कॅमेरा चालू असताना एकदा, आणि महिन्यांनंतर डबिंगच्या अंधाऱ्या खोलीत पुन्हा एकदा, असा दोनदा तो विनोद घडवावा लागे. दुसऱ्या वेळी आणखी भर पडायची. नट पाठमोरा आहे, ओठ दिसत नाहीत, टाक तिथे एक वाक्य! हसायला समोर कुणी नाही, शूटिंगला सगळं युनिट श्वास रोखून गप्प, डबिंगला काचेपलीकडे एक कंटाळलेला ध्वनिमुद्रक. थिएटरात बसलेले लोक कुठे आणि किती वेळ हसतील याचा अंदाज बांधून मोकळी जागा सोडायची. हा अंदाज रस्त्यावर आणि ऑर्केस्ट्रात कमावलेला होता, अभिनयाच्या कुठल्या वर्गात नव्हे.

आणि एवढं करून ते पडद्यावर राहीलच याची खात्री नाही. आपल्या प्रसंगांना मिळणारा प्रतिसाद पाहून काही नट अस्वस्थ व्हायचे, प्रसंग कापले जायचे, नंतर नंतर नायकांनीच विनोद स्वतःकडे ओढून घेतला, असं जॉनीने सांगितलं आहे. तीनशेहून अधिक सिनेमे करणाऱ्या माणसाचं हे निरीक्षण आहे. पुरस्कारांनीही तोच कल पकडला. १९६७पासून फिल्मफेअरमध्ये विनोदी अभिनयाला वेगळा पुरस्कार होता. जॉनीला तो ‘दीवाना मस्ताना’ आणि ‘दूल्हे राजा’साठी मिळाला. २००७ साली तो शेवटचा दिला गेला आणि मग तो विभागच गुंडाळला. विनोदी भूमिका आता मुख्य प्रवाहात मिसळली, वेगळी पंगत कशाला, असं याचं समर्थन करता येईल. मला ते पटत नाही. पंगत उठवली, पण मुख्य पंगतीत पान काही मांडलं गेलं नाही.

त्याच ‘बाज़ीगर’मध्ये आणखी एक स्टँडअपवाला होता, हे किती जणांना आठवतं? राजू श्रीवास्तव. कॉलेजातल्या पोरांपैकी एक. ‘मैंने प्यार किया’मध्येही तो असाच कुठेतरी दिसून जातो. कानपूरहून मुंबईला आलेल्या या माणसाने रंगमंचावर ‘गजोधर’ नावाचा एक अख्खा माणूस उभा केला होता. लग्नातल्या जेवणावळी, रेल्वेचा डबा, शोलेची कथा सांगणारा खेडूत, गुरंढोरं, निर्जीव वस्तूंची आपसातली बोलणी, हे सगळं त्याचं जग होतं आणि ते त्याने स्वतः लिहिलेलं होतं. २००५ साली ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ आला तेव्हा देशाला तो अचानक सापडल्यासारखं वाटलं. तो त्याआधी वीसेक वर्षं इथेच होता. विदर्भातल्या हिंगणघाटच्या सुनील पालने ती स्पर्धा जिंकली, पण घराघरांत बोली शिरली ती गजोधरची. आणि तरीही २०२२ साली राजू गेला तोवर गजोधरवर बेतलेला, त्याने लिहिलेला, लक्षात राहील असा एक मोठा सिनेमा झाला नाही. सिनेमाला त्याचा चेहरा पाच मिनिटांपुरता हवा होता. ज्याने तो चेहरा चालायचा ते लेखन कुणी मागितलं नाही.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे उलट्या बाजूने बोलकं आहे. रिचर्ड प्रायर हा कृष्णवर्णीय स्टँडअप. १९७४च्या ‘ब्लेझिंग सॅडल्स’ची पटकथा लिहिणाऱ्यांत मेल ब्रुक्सबरोबर तो होता, आणि शेरीफची मुख्य भूमिका त्यालाच द्यावी असं ब्रुक्सच्या मनात होतं. स्टुडिओने नकार दिला. भूमिका क्लीव्हन लिटलला गेली. अन्याय उघड आहे. पण पटकथाकारांच्या यादीत प्रायरचं नाव छापलं गेलं आणि लेखक संघटनेचा त्या वर्षीचा पुरस्कार त्या सगळ्यांना मिळून मिळाला. तिथे माणूस पडद्यावर नाकारला, पण त्याचं लेखन नाकारता आलं नाही, कारण मागे लेखकांची बळकट संघटना होती आणि श्रेय कुणाला द्यायचं हे निर्मात्याच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं. आपल्याकडे नेमकं उलटं. चेहरा हौसेने घेतला, लेखन गिळलं. पुढच्या काळात तिथे जेरी साइनफेल्डसारख्याने आपल्या स्टँडअपच्या पोटातूनच मालिका काढली आणि तिचा सहनिर्माता-लेखक म्हणून तिच्यावर हक्क राखला. १९९८ साली ती थांबली, तिची मिळकत थांबली नाही.

कुणी म्हणेल, अमेरिकेची उदाहरणं देऊ नका, तिथला धंदाच निराळा. बरं, मग दादर घ्या. दादा कोंडके बँडपथकातून, सेवादलाच्या कलापथकातून आले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये त्यांची जीभ अशी काही सुटायची, की रोजच्या प्रयोगात ताज्या घडामोडींवरची नवी कोटी ऐकायला लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत. १९६९ साली भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’त ते नट म्हणून आले. दोनच वर्षांनी ‘सोंगाड्या’ आला आणि त्याचे निर्माते ते स्वतः होते. त्याची कथा-पटकथा सबनीसांची, आणि तसं श्रेय त्यांना होतं. कोहिनूर थिएटर मिळावं म्हणून बाळासाहेब ठाकऱ्यांपर्यंत जावं लागलं ही कहाणी सगळ्यांना पाठ आहे. लागोपाठ रौप्यमहोत्सव, गिनीज बुकातली नोंद, हेही आपण अभिमानाने सांगतो. त्यामागचा व्यवहार मात्र सांगत नाही. रंगमंचावरच्या हजरजबाबीपणाची किंमत दादांना कळली होती आणि ती दुसऱ्याच्या गल्ल्यात पडू द्यायची नाही, हे त्यांनी फार लवकर ठरवलं. त्यांचे द्वयर्थी विनोद कुणाला आवडोत न आवडोत (मला त्यातले बरेच आवडतात, आणि काही आता पाहवत नाहीत), पण आपल्या हशाचे मालक ते स्वतः होते.

दादांसारखं सगळ्यांना जमत नाही. निर्माता व्हायला भांडवल लागतं, जिगर लागते आणि नशीबही लागतं. म्हणून प्रत्येक विनोदवीराने दादा व्हावं, हा सल्ला फुकाचा आहे. तमाशातला सोंगाड्या सिनेमात जातो आणि तिथून सत्तेच्या आवारात पोहोचतो, त्याचं पुढे काय होतं, हे १९९२च्या ‘एक होता विदूषक’मध्ये पु. ल. देशपांड्यांनी लिहून ठेवलंय आणि ती भूमिका केली होती रंगभूमीवरून आलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेने. तेव्हा प्रेक्षकांनी त्या सिनेमाकडे पाठ फिरवली. हसवणारा माणूस आपल्या हसवण्याचा हिशेब मागू लागला, की आपल्याला ते फारसं रुचत नाही, प्रेक्षक म्हणूनसुद्धा.

आता आक्षेप. पहिला असा की, विनोदवीराला सिनेमानेच मोठं केलं. रंगमंचावर त्याला कोण विचारत होतं? नाव, घर, गाडी, परदेशातले कार्यक्रम, सगळं पडद्यामुळे मिळालं, मग ही कुरकुर कशाला? यात तथ्य आहे. जॉनी स्वतः कडवटपणे बोलणारा माणूस नाही. ज्यांनी संधी दिली त्यांची नावं तो कृतज्ञतेने घेतो. पण कृतज्ञता हा कराराचा मसुदा होऊ शकत नाही. सिनेमाने गायकांनाही मोठं केलंच, म्हणून त्यांनी गाण्याच्या हक्काबद्दल बोलायचं नाही असं आपण म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विनोद हा एकट्याचा नसतोच. समोरच्या नटाने प्रतिक्रिया नीट दिली म्हणून हशा येतो, संकलकाने योग्य क्षणी कट केला म्हणून येतो, दिग्दर्शकाने ‘आणखी एक घेऊ’ म्हटलं म्हणून येतो. मग लेखनाचं श्रेय एकालाच कसं द्यायचं? हे खरं आहे, पण ते कुठल्याही संवादाबाबत खरं आहे. लिहिलेला गंभीर संवादही नट, संकलक आणि दिग्दर्शक मिळूनच उभा करतात, तरी तो लिहिणाऱ्याचं नाव आपण पुसत नाही. शिवाय माझी मागणी सरसकट नाही. कपिल शर्माचं घ्या. २००७ साली लाफ्टर चॅलेंज जिंकणारा अमृतसरचा हा माणूस नंदिता दासच्या ‘ज़्विगाटो’मध्ये घरोघर जेवण पोहोचवणारा कामगार झाला. ती भूमिका लिहिलेली होती, तिथे तो नट आहे आणि नटाचंच श्रेय त्याला पुरेसं आहे. प्रश्न त्या जागांचा आहे जिथे पान कोरं होतं.

कायदा काय म्हणतो? १९५७चा कॉपीराइट कायदा (जॉनीच्याच वयाचा) कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या मांडणीला देतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट सांगितलं. म्हणजे ‘विसरभोळा नोकर’ ही कल्पना कुणाचीच नाही. पण त्याच्या तोंडची अमुक शब्दांतली, अमुक क्रमातली वाक्यं कुणाची तरी आहेत. पुढे २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिच्यासाठी बरीच धडपड केली होती. सिनेमात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला, चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतर वापरातून मिळणाऱ्या मानधनातला समान वाटा मिळण्याचा हक्क तिने दिला, आणि मुख्य म्हणजे हा हक्क लेखकाला विकून टाकता येणार नाही असंही घातलं. टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागणारे सिनेमे, ओटीटी, सगळं यात येतं. प्रत्यक्षात हे पैसे लेखकांच्या हाती पडणं सोपं नाही, पण निदान दार आहे. कलावंत म्हणून सादरीकरणाचे हक्क वेगळे आहेत, तेही त्याच दुरुस्तीने वाढवले, मात्र एकदा लेखी संमती दिली की निर्मात्याच्या वापराला हरकत घेण्याची सोय फारशी उरत नाही.

थोडक्यात, लेखक म्हणून नाव लागलं तर त्या दारातून आत जाता येतं, नाही लागलं तर बाहेर. विनोदाच्या बाबतीत हा फरक आणखी मोठा आहे, कारण सिनेमा पडला तरी त्यातले विनोदी प्रसंग मरत नाहीत. कथा विसरलेले, नायकही नीट न आठवणारे कितीतरी नव्वदीतले सिनेमे आज केवळ तुकड्यातुकड्यांत जिवंत आहेत. कुठल्याही यूट्यूब वाहिनीवर जा, ‘कॉमेडी सीन्स’ची वेगळी चळत लावलेली असते. जॉनीचा चेहरा असलेली मीम्स आपण रोज पाठवतो. अख्ख्या सिनेमातला सर्वात टिकाऊ भाग ज्याने रचला, त्या टिकाऊपणातून त्याला वेगळं काही मिळेल अशी तजवीज कुठेच नाही.

नव्या पिढीने काही धडे घेतले आहेत, हे मान्य करायला हवं. सुमुखी सुरेशने २०१७ साली ‘पुष्पवल्ली’ केली ती स्वतः लिहून, बिस्वा कल्याण रथची ‘लाखों में एक’ त्याच वर्षीची, झाकिर खानने २०१८ साली ‘चाचा विधायक हैं हमारे’ आणली तीही स्वतःच्याच लेखणीतून. हे लोक आधी निर्माते-लेखक म्हणून आले आणि मग नट म्हणून. जॉनीची मुलगी जेमी हीसुद्धा स्टँडअपमधूनच पडद्यावर आली. मराठीतही ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये समीर चौघुलेसारखा नट लेखक म्हणूनही ओळखला जातो. म्हणजे प्रश्न आपोआप सुटत चालला आहे, असं वाटू शकतं.

मला ते तितकं सरळ दिसत नाही. ओटीटीवरच्या या मंडळींपैकी बऱ्याच जणांच्या मागे शिक्षण आहे, व्यवस्थापक आहेत, करार वाचून दाखवणारे वकील आहेत. लाफ्टर चॅलेंजसारख्या स्पर्धांतून, जत्रांतून, ऑर्केस्ट्रांतून, शाळा अर्धवट सोडून येणारा विनोदवीर आजही इंग्रजीतला करार न वाचता सही करतो, कारण ‘सही कर, उद्या कॉल टाइम सातचा आहे’ एवढंच त्याला सांगितलेलं असतं. त्याच्यासाठी संघटनाच हवी. लेखकांची संघटना मुंबईत आहे, कलाकारांची आहे, मिमिक्री कलावंतांचीही आहे आणि तिचं अध्यक्षपद जॉनीने सांभाळलेलं आहे. पण जो एकाच वेळी दोन्ही आहे तो नेमका मधल्या फटीत पडतो. कलाकार संघटना त्याच्या शिफ्टचे पैसे मागेल, लेखक संघटना विचारेल, तुझी संहिता कुठे आहे?

संहिता कुठे आहे, याचं उत्तर द्यायला वाटतं तितकं अवघड नाही. पटकथा चित्रीकरणापूर्वी लेखक संघटनेकडे नोंदवण्याची पद्धत आहे. चित्रपट प्रमाणपत्रासाठी सेन्सॉरकडे जातो तेव्हा पडद्यावर प्रत्यक्ष काय बोललं गेलं आहे, ते लेखी द्यावं लागतं. म्हणजे चित्रीकरणाआधीचा एक कागद आणि चित्रीकरणानंतरचा एक कागद, दोन्ही आधीपासूनच अस्तित्वात असतात. कुणीतरी बसून ते शेजारी शेजारी ठेवायचे. पहिल्यात जिथे ‘येथे नोकराचा विनोदी प्रसंग’ एवढंच आहे आणि दुसऱ्यात त्या जागी चार पानं आहेत, ती चार पानं कुणाची, हे दिग्दर्शकाला, सहायकांना, डबिंगच्या ध्वनिमुद्रकालासुद्धा माहीत असतं. ‘अतिरिक्त संवाद’ ही श्रेयाची ओळ हिंदी सिनेमात जुनी आहे, ती नव्याने शोधावी लागणार नाही. लेखक आणि कलाकार या दोन संघटनांनी मिळून नमुना करारात एक कलम घालावं: ठरावीक लांबीहून अधिक संवाद नटाने रचले असतील तर त्याचं नाव त्या ओळीत येईल आणि लेखकाच्या वाट्यात त्याचा हिस्सा राहील. मूळ संवादलेखकाचा वाटा यात थोडा कमी होईल, तो कुरबुर करेल, आणि ती कुरबुर ऐकून घ्यावी लागेल. निर्माते म्हणतील, असं असेल तर आम्ही विनोदवीराला सेटवर एक शब्दही बदलू देणार नाही. त्यांना खुशाल तसं करून बघू द्यावं.